देवघरापुढची पट्टी

"वैनी, ही पट्टी एकदा बघून घ्या. नंतर फरशी फोडायला लागली तर माझ्या नावानं बोंब नको."

नामदेव सुतार अंगावरचा भुसा झटकत उभा होता. त्याच्या हातात सागवानाची एक लांब, बोटभर जाड पट्टी होती. जुळे सोलापुरातलं आमचं घर तेव्हा होत आलं होतं. खिडक्यांना काचा लागायच्या होत्या आणि रंग व्हायचा होता. ऑफिस सुटलं की मी रोज तिथे चक्कर मारायची, कारण सुतार आणि गवंडी या दोन जमाती डोळ्यांसमोर असल्या तरच कामं करतात, असं माझं तेव्हा मत होतं. अजूनही आहे.

"कसली पट्टी? मी तर सांगितली नव्हती," मी म्हणाले.

"अण्णांनी सांगितली. देवघराच्या पुढं हातभर जागा सोडून जमिनीत बसवायची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि फरशीच्या वर जराशी उचललेली पाहिजे. मी म्हटलं, अण्णा, पायाला लागंल की! तर म्हणाले, लागायलाच पाहिजे."

अण्णा म्हणजे माझे सासरे. जिल्हा परिषदेत त्यांनी जन्मभर नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या खिशाला पेन्सिल असायचीच. नामदेवने त्यांचा कागद माझ्यापुढे धरला. अण्णांच्या रेघा नेहमीसारख्याच सुबक होत्या, पण त्यांतून जे देवघर उभं राहत होतं ते बघून मी बघतच राहिले.

घराचा कोपरा न् कोपरा मी ठरवला होता. देवघराचंही माझ्या मनात पक्कं होतं. हॉलचा ईशान्य कोपरा, पांढराशुभ्र संगमरवर, जाळीची दारं, दारांना बारीक घंट्या. अण्णा मात्र म्हणाले होते, "ते आमच्याकडे लागलं." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांची हौस आहे, करू देत. आता कागदावर दिसत होतं ते असं: देवघर हॉलमध्ये नाही, मागच्या बाजूला त्या दोघांच्या खोलीत. इतकं बुटकं की बसल्याशिवाय हात पोचू नये. आणि आत प्रत्येक देवासाठी लाकडात कोरलेली खाच. बाळकृष्णाची गोल, अन्नपूर्णेची चौकोनी, विठोबाची लांबट, टाकांना उभ्या फटी. समईच्या तिन्ही बाजूंना काच. हळदीकुंकवाच्या पंचपाळ्यालासुद्धा त्याची त्याची खाच, कडेला छोटा दात ठेवलेला, म्हणजे ते फिरायला नको.

"हे असं कशाला?" मी विचारलं.

"देव जागचा हलायलाच नको कुणाच्या हातानं, असं केलंय."

"कुणाच्या म्हणजे?"

नामदेव पट्टीकडे बघत हसला. "आता ते मी कसं सांगू? पण जुन्या घरांतनं असायची अशी पट्टी. सोवळ्याची रेघ. हिच्या पलीकडं फक्त घरच्यांनी जायचं."

"मी घरचीच आहे."

"व्हय की," तो म्हणाला आणि रंधा मारायला लागला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं.

माझं माहेर बार्शीचं. वडिलांची खाणावळ होती. रविवारी मटणाचा वास चौकापर्यंत जायचा आणि वासामागून गिऱ्हाईक यायचं. श्रीनिवास धारूरकर माझ्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. आम्ही लग्न करायचं म्हटल्यावर माझ्या घरी आठवडाभर आरडाओरडा झाला, त्याच्या घरी काहीच नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या, "येऊ दे." मला तेव्हाच जरा शंका आली होती. भांडणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्या मनातलं कळतं तरी.

पहिली वर्षं तशी चांगली गेली. पण घराचं काम निघालं त्या वर्षभरात आई बदलल्या होत्या. मी चहा घेऊन गेले की माझ्या हातातून कप घेत नसत. "खाली ठेव, घेते मी," म्हणायच्या. एकदा दिवाळीच्या आधी मी देव पुसून जागेवर ठेवले, तर अशा कडाडल्या की मी दचकलेच. "देवांना हात लावू नकोस! जागा बदलतेस तू त्यांच्या!" त्यांनी लगेच एकेका देवावरून बोटं फिरवली आणि सगळे पुन्हा मांडले. माझा हात लागलेले पुसून काढताहेत, असं मला वाटलं. आणखी एक. मधूनमधून गुरुवारी अण्णा त्यांना घेऊन सकाळीच बाहेर पडायचे. विचारलं की आई म्हणायच्या, "अक्कलकोटला." संध्याकाळी दोघं परत यायची ती तोंडं मिटून. अक्कलकोटहून आलेल्या माणसाच्या पिशवीत प्रसादाची पुडी नाही, हे कधी झालंय का? माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणि मग ते चैत्रातलं हळदीकुंकू झालं.

जुन्या भाड्याच्या घरात गौर मांडली होती. कैरीची डाळ, पन्हं, गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका. आई पंचपाळं घेऊन हळदीकुंकू लावायला उठल्या. घरची सून म्हणून पहिली पाळी माझी. मी वाकले. त्यांनी बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाला बुक्का लावला.

बुक्का. विठोबाला लावायचा काळा बुक्का. सवाष्णीच्या कपाळाला तो लावत नाहीत. नवरा गेलेल्या बायका लावतात.

खोलीतलं बोलणं पटकन थांबलं. आई मात्र काहीच झालं नाही अशा थाटात पुढच्या बाईकडे वळल्या. शेजारच्या टेंभुर्णीकर काकूंनी मला बाजूला ओढलं, स्वतःच्या पदराने माझं कपाळ पुसलं आणि कानात म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नको हो. पण त्यांच्या पोटात काय आहे ते आज कळलं." त्यांनी पंचपाळं आईंच्या हातून काढून घेतलं आणि पुढचं कुंकू स्वतःच लावलं.

मी श्रीनिवासला सांगितलं. एकटे असलो की मी त्याला अरे-तुरे करायची, घरातल्यांसमोर अहो-जाहो.

"चुकून झालं असेल," तो म्हणाला.

"चुकून? जन्म गेला त्यांचा कुंकू लावण्यात. आणि चूक नेमकी माझ्याच कपाळाशी?"

"आई तुझं वाईट चिंतेल का?"

"माझं नाही चिंतलं. तुझं चिंतलं. बुक्का लागतो कुणाला, ते तुला माहीत नाही का?"

धारूरकरांच्या घरात कुठल्याही प्रश्नावर पुरुष गप्प बसतात.

म्हणून नामदेवच्या हातातली ती पट्टी बघून माझ्या डोक्यात सगळं खाडकन जुळलं. माझ्या हातचा कप नको, माझ्या हातचे देव नकोत, आणि आता मी उभ्या केलेल्या घरात लाकडाची रेघ मारून मला सांगणार, बाई, तू अलीकडे. त्याच संध्याकाळी मी अण्णांना गाठलं. ते ओट्यावर बसून पेन्सिलीला टोक काढत होते.

"अण्णा, देवघर हॉलमध्ये केलं तर काय बिघडतं? चार माणसांना दिसेल तरी."

"चार माणसांना दाखवायला नाही करत, रत्ना."

"बरं. आणि ती पट्टी?"

ब्लेड थांबलं. "असू दे ती."

"कशाला पण?"

"तिची इच्छा आहे."

"मग मी आईंनाच विचारते."

"नको," अण्णा इतक्या घाईने म्हणाले की पेन्सिल खाली पडली. "तिला काही विचारू नकोस. माझं एवढं ऐक."

माझ्या सासऱ्यांना खोटं बोलता येत नाही. ते बोलायचं थांबतात. ते थांबले म्हणजे माझा संशय खरा, असा मी अर्थ घेतला. श्रीनिवासला मी त्या रात्री स्वच्छ सांगितलं, "ती पट्टी माझ्या घरात बसली तर त्या घरात मी राहणार नाही. एकतर पट्टी, नाहीतर मी."

"मी आईला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. तुम्हाला सांगण्याची सवयच नाही कुणाला."

दुसऱ्या दिवशी मीच नामदेवला सांगून टाकलं. देवघर त्यांच्या खोलीत तर खोलीत, बुटकं तर बुटकं. पण आतली फळी सपाट हवी, गुळगुळीत, वरून चकचकीत वार्निश. खाचा नकोत, काच नको, आणि पट्टी तर मुळीच नको.

"अण्णांनी विचारलं तर?"

"माझं नाव सांगा."

अण्णांनी विचारलंच नाही. त्या सुमारास त्यांची गुरुवारची वारंवार ये-जा चालली होती. नव्या घराकडे फिरकायला त्यांना फुरसत नव्हती. आणि आई तर त्या घरात वास्तुशांतीपर्यंत एकदाही आल्या नव्हत्या. मी किती वेळा म्हटलं, या, बघून जा. "एकदमच येईन," एवढंच उत्तर. घरसुद्धा विटाळलंय की काय माझ्यामुळे, असं मनात यायचं.

वास्तुशांतीच्या दिवशी त्या रिक्षातून उतरल्या त्या अण्णांचा दंड धरून. दाराशी उभ्या असलेल्या बायका म्हणाल्या, या वयात कसं जोडीनं चालतात बघा. होम हॉलमध्ये होता. श्रीनिवास आणि मी पाटावर बसलो होतो. पूर्णाहुती झाली आणि गुरुजी म्हणाले, "आता देव नेऊन देवघरात बसवा." अण्णा आईंच्या बाजूला यायला उठले, तेवढ्यात गुरुजींनी त्यांना कसल्यातरी नारळासाठी थांबवलं. आईंनी मात्र देवांचं तबक उचललं होतं. त्या भिंतीच्या कडेकडेने, सावकाश, एकट्याच खोलीकडे निघाल्या.

मी मागोमाग गेले. खरं कारण सांगायचं तर मला त्यांचं तोंड बघायचं होतं. पट्टी नाही हे कळल्यावर ते कसं होतं, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

आई खोलीत शिरल्या. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. त्या पाऊल उचलून टाकत नव्हत्या, फरशीवरून सरकवत होत्या. एक पाऊल. मग थांबल्या. अंगठ्याने पुढची फरशी चाचपली. पुन्हा थोडं पुढे. पुन्हा अंगठा. मला कळेना, या काय शोधताहेत. आणि त्यांचा गुडघा धाडकन देवघराच्या फळीवर आदळला. तबक कललं. बाळकृष्ण निसटला आणि घरंगळत त्यांच्याच पायाशी जाऊन पडला.

दाराशी जमलेल्या बायकांनी "अगं बाई!" म्हटलं.

आई खाली बसल्या. तबक मांडीवर घेतलं आणि हात जमिनीवर फिरवायला लागल्या. बाळकृष्ण लख्ख उन्हात पडला होता, पिवळाधमक. त्यांचा हात त्याच्या अलीकडून गेला, पलीकडून गेला. त्यांची मान खाली होती, डोळे उघडे होते, तोंड थेट त्याच्याकडे होतं. हात दुसरीकडेच शोधत होता.

खाली ठेवलेला कप. बोटांनी मांडलेले देव. पिशवीत नसलेला प्रसाद. सगळं पुन्हा एकदा जुळलं, पण या वेळी वेगळंच.

"काय हो झालं?" टेंभुर्णीकर काकू पुढे सरसावल्या.

मी झटकन आईंच्या शेजारी बसले, पाठ दाराकडे करून, त्यांच्या आणि दाराच्या मधोमध. "काही नाही काकू, नवं वार्निश, पाय सरकला," मी मोठ्याने म्हणाले. "आई आज मला देव मांडायला शिकवणार आहेत. तुम्ही जरा पानांचं बघता का?"

काकू गेल्या नाहीत, पण थांबल्या. मी बाळकृष्ण उचलून आईंच्या तळहातावर ठेवला. त्यांची बोटं त्याच्याभोवती मिटली.

"पट्टी कुठाय?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "हे म्हणाले होते, पट्टी लागली की बसायचं."

"बसवायची राहिलीय."

त्यांनी फळीवरून हात फिरवला. एकदा, दोनदा. "खाचापण नाहीत."

लाज वाटत होती आणि रडूही येत होतं, आणि मागे बायका उभ्या होत्या.

"कळलं ना तुला?" आई म्हणाल्या. आवाज कोरडा होता.

"आत्ता कळलं."

"मी यांना म्हटलं होतं, तिला सांगू नका. डोळ्यांच्या नसा वाळत चालल्यात. आता उजव्यात नुसता उजेड राहिलाय. मिरजेचा डॉक्टर म्हणाला, परत येणार नाही. तू तरतरीत आहेस. कळलं की पहिल्यांदा देव काढून घेशील. म्हणशील, आई, तुम्ही बसा आता, मी करते. मग मी काय करायचं दिवसभर?"

म्हणजे वर्षभर मी त्यांच्यावर पाळत ठेवून होते आणि त्या माझ्यावर. मला हसूच आलं, ओल्या डोळ्यांनी.

"मी कशाला काढून घेऊ?" मी कुजबुजले. "आमच्याकडे बाप्पाला उदबत्ती ओवाळली की पूजा झाली. मला अन्नपूर्णेचं तोंड कुठल्या बाजूला करायचं तेसुद्धा माहीत नाही."

"पूर्वेला," त्या म्हणाल्या. "दे इकडं."

मी एकेक देव त्यांच्या हातात देत गेले. त्या बोटांनी ओळखायच्या, नाव पुटपुटायच्या आणि मी त्यांचं मनगट धरून फळीवर जागा दाखवायची. मागून बघणाऱ्याला वाटलं असतं, सासू सुनेला शिकवतेय. तसं ते होतंच. विठोबा बसला, टाक बसले. आईंचा चेहरा हळूहळू सैल झाला. मी किती महिन्यांनी तो तसा बघत होते.

"आता तुला कुंकू लावते," त्या जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "नव्या घरची लक्ष्मी तू. पंचपाळं कुठाय?"

मी ते पुढे सरकवलं. त्याच्या मधोमध मुठीसाठी पितळेचा मोर आहे. आईंनी त्या मोरावर हात ठेवला, मान चाचपली, चोच चाचपली.

"चोचीच्या समोर कुंकू," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून. डोळे मिटून सापडतं मला."

आणि मला आठवलं. त्या चैत्रात पंचपाळं घासून मी भरलं होतं, हाताला येईल त्या वाटीत हाताला येईल ते. आज सकाळच्या गडबडीत ते टेंभुर्णीकर काकूंनी भरलं होतं. मोराच्या चोचीसमोरच्या वाटीत काळा बुक्का होता.

आईंचं बोट त्यात बुडालंही होतं.

नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पंचपाळं फिरवता आलं असतं. पण दाराशी गल्लीतल्या त्याच सगळ्या बायका होत्या, चैत्रातल्या. आईंचं तोंड उन्हात उजळलं होतं, आणि डोळे मिटून सापडतं, असं त्या नुकतंच म्हणाल्या होत्या. मी त्यांचं मनगट धरलं आणि ते बोट स्वतःच माझ्या कपाळापाशी आणलं.

"नीट लागलं का गं?" त्यांनी विचारलं.

"अगदी मधोमध," मी म्हणाले. वाकून पाया पडले, उठताना पदर डोक्यावरून कपाळाच्या खालपर्यंत ओढून घेतला आणि मगच दाराकडे वळले.

काकू बघत राहिल्या. "आज डोक्यावर पदर? नवीनच."

"देवघरात आलेय काकू," मी म्हणाले. "चला, पानं मांडा."

अण्णा दाराबाहेर नारळ हातात घेऊन उभे होते. त्यांनी आत बघितलं, एका रेघेत मांडलेले देव बघितले, मग माझ्या पदराकडे. मी सरळ व्हरांड्यात गेले. तिथे कारागिरांची पंगत बसली होती आणि नामदेवच्या ताटात दुसऱ्यांदा शिरा पडत होता.

"नामदेव, ती पट्टी टाकून दिली की आहे?"

"आहे की गच्चीवर. का ओ?"

"जेवलात की बसवून टाका. आणि त्या खाचा उद्यापासून कोरायला घ्या. अण्णांच्या कागदात जशा आहेत तशाच."

त्याचा घास हातातच राहिला. "वैनी, तुम्हीच तर नको म्हणाला होता! पायाला लागंल की ती."

"लागायलाच पाहिजे," मी म्हणाले.